साताऱ्याहून ठाणे खाडीचे फ्लेमिंगो पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा लागला की सातारा, कराड, वाई, फलटण आणि पलीकडे सांगली-मिरजेहून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ४ आणि ५ तेवढे वाचा. बाकीचं बसमध्ये वाचलं तरी चालेल.

१. हे अभयारण्य नेमकं कुठे आहे? समुद्रावर की खाडीत?

खाडीत. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये जी ठाणे खाडी आहे, तिच्या पश्चिम अंगाला, साधारण ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत हे अभयारण्य पसरलं आहे. ते २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि उरलेलं पाणी व चिखल. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार या दोन जागांना तो आधीच मिळाला होता.

बोट मात्र पूर्वेकडून, ऐरोलीतून सुटते. तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. नकाशात अभयारण्याचं नाव टाकून गाडी काढलीत तर भलत्याच काठाला पोचाल. ऐरोलीचं केंद्र शोधा.

२. एवढ्या लांब कशाला? मायणी-येरळवाडीला येतातच की फ्लेमिंगो.

येतात, आणि खटाव-माणच्या माणसाने आधी तेच पाहावेत. येरळवाडी, सूर्याचीवाडी, मायणी, तसंच आटपाडीच्या सीमेवरचा राजेवाडी तलाव, या सगळ्या ठिकाणी पाणी योग्य पातळीला असलं की रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. पण ते बहुतेक मोठे रोहित, आणि संख्येने थोडे. एखाद्या वर्षी तलाव काठोकाठ भरलेला असेल तर उथळ कडाच उरत नाहीत, मग ते फिरकतही नाहीत.

ठाणे खाडीत मुख्यतः लहान रोहित असतात, आणि चांगल्या हंगामात दोन्ही जातींची मिळून संख्या लाखाच्या पुढे जाते. शिवाय खारं पाणी, चिखलाची मैदानं, कांदळवन आणि त्यातलं जीवन आपल्या देशावरच्या कुठल्याच तलावावर नाही. आमचं मत विचाराल तर एक हिवाळी सकाळ येरळवाडीला, मग खाडी. उलट क्रमाने गेलात तर येरळवाडीला उगाच नावं ठेवाल.

३. कोणता महिना धरायचा?

पक्षी नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मेअखेरपर्यंत असतात. पाऊस जवळ आला की निघतात. गर्दी जानेवारी ते एप्रिल. आम्ही फेब्रुवारी सुचवतो. तोवर संख्या भरलेली असते, ऊन सोसवतं, आणि हिवाळी पाहुणे कुरव, चिखले, तुतवारही गेलेले नसतात. मार्च-एप्रिलमध्ये रोहितांचा गुलाबी रंग जास्त खुलून दिसतो, पण दुपारी बोटीत अक्षरशः भाजून निघता. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवणाऱ्यांची बहुतेक निराशा होते.

४. भरती-ओहोटीचं एवढं काय असतं? सुट्टी बघून गेलं तर चालणार नाही का?

सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. आपण देशावरची माणसं. तलावाचं पाणी काल होतं तिथेच आज असतं, त्यामुळे सकाळी सहाला गेलं की पक्षी दिसतात हा आपला हिशेब. खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. उधाणाला तर ते चार मीटरच्या वर खाली-वर होतं.

पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो. रोहितांना उभं राहायला जागा उरत नाही, ते काठाला सरकतात किंवा नेरुळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर जाऊन विसावतात. तुम्ही बोटीतून नुसतं पाणी बघून परत येता. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर पसरून चरत असतात, पण बोटीच्या वाटेलाच पाणी नसतं. हवा असतो तो मधला वेळ. भरती होऊन गेली आहे, पाणी उतरतंय, चिखलाच्या कडा उघड्या पडू लागल्यात आणि पक्षी खायला उतरतायत. पाणी चढत असतानाचा मधला वेळही चांगला. तेव्हा चिखल आक्रसत जातो आणि पसरलेले थवे एकत्र दाटतात.

केंद्राच्या बोटीच्या वेळा म्हणूनच रोज बदलतात. आधी तारीख ठरवून मग वेळ विचारू नका. आधी भरती बघा, मग रजा टाका.

५. भरतीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

मोबाइलवर भरतीची कोष्टकं मिळतात, ती बघाच. पण घरात भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असेल तर कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब तोंडी करता येतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितके वाजता भरती. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना तोच नियम. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन भरतींच्या मध्ये ओहोटी.

दशमी घ्या. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती, दुपारी पावणेदोनला ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहा. चतुर्थीला तीन, म्हणजे पहाटे तीन आणि पुन्हा दुपारी साडेतीनच्या आसपास. हा ठोकताळा आहे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास पुढे धरा, कारण खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेला भरती जवळजवळ बाराला येते.

आता हे आपल्या प्रवासाला लावू. नवी मुंबईत मुक्काम असेल तर दशमी-एकादशी उत्तम, सकाळी नऊ-दहाला पाणी उतरत असतं. पहाटे साताऱ्याहून निघून थेट पोचणार असाल तर द्वादशी-त्रयोदशी धरा, म्हणजे अकरा-बाराची बोट पाणी उतरताना मिळते. एकादशी धरलीत आणि घरातली मोठी माणसं सोबत असतील तर उपवासाचं बरोबर घ्या, ऐरोलीत शोधत बसू नका.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. चिखल थोडा उघडा पडतो, पण बोटीला अडचण येत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आम्ही टाळतो. दुपारी बाराचं ऊन आणि तेव्हाच खाडी तुडुंब.

६. बुकिंग आधी करावं लागतं का?

हो. हंगामात शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. कासच्या फुलांना जसं ऑनलाइन बुकिंग करून जातो तसंच धरा, फरक इतकाच की कासला सकाळ-दुपार निवडता येते, इथे वेळ खाडी ठरवते. बोटीचे दर कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी वेगळे असतात, बुकिंग करतानाच ते दिसतात. शक्य असेल तर आठवड्यातला मधला वार घ्या, सोमवार टाळा. एकाच दिवशी दोन-तीन फेऱ्या दिसल्या तर प्रश्न ४ मध्ये सांगितलेला मधला वेळ ज्या फेरीला जुळतो तीच घ्या. बाकीच्या फेऱ्यांना जागा रिकाम्या आहेत म्हणून मोहात पडू नका, त्या रिकाम्या का आहेत ते आता तुम्हाला कळलंच असेल.

७. स्वतःच्या गाडीने किती वेळ लागतो?

साताऱ्याहून ऐरोली सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. खंबाटकी, पुणे, द्रुतगती मार्ग, कळंबोली आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता. वाटेत एक चहा धरून पाच तास. पुण्याच्या बाह्यवळणावर सकाळी आठनंतर अडकाल, म्हणून पुणं उजाडायच्या आत मागे टाका.

आपल्याला एक फायदा आहे. शनिवारी सकाळी मुंबईकर पुण्याकडे येतात, आपण मुंबईकडे जात असतो. रविवारी संध्याकाळी ते परततात, आपण उलटे. घाटात समोरच्या बाजूची रांग बघत निवांत निघून येता येतं.

८. गाडी नाही. एसटी किंवा रेल्वेने जमेल का?

जमेल. साताऱ्याहून मुंबई-ठाण्याकडे एसटी आहेत. नवी मुंबईत उतरून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ऐरोली स्टेशन गाठा, तिथून केंद्रापर्यंत रिक्षा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या वर प्रवास मोफत. आजीला न्यायचं असेल तर आधार कार्ड आठवणीने घ्या.

रेल्वेने जायचं तर रात्रीची महालक्ष्मी सोयीची. ती पहाटे कल्याणला पोचते, तिथून लोकलने ठाणे आणि ठाण्याहून ऐरोली. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, आणि गाडी अपरात्री येते. तिथवर जायची रिक्षा संध्याकाळीच ठरवून ठेवा. पहाटे पोचल्यावर बोटीला वेळ असेल, म्हणून या गाडीला दशमी-एकादशी जुळते (प्रश्न ५).

९. आम्ही सांगली-मिरजेचे. आम्हाला काय सुचवाल?

रेल्वेच. गाडीने साडेतीनशे किलोमीटरच्या वर होतं आणि एका दिवसात जाऊन येणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. महालक्ष्मी मिरज-सांगलीहूनच येते, झोपून जाता येतं. पुढचं सगळं प्रश्न ८ प्रमाणे.

१०. एका दिवसात होतं की मुक्काम करावा?

साताऱ्याहून एका दिवसात होतं, पण दमछाक होते आणि बोट रद्द झाली तर दिवस वाया. मुक्काम करा. तसंही घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या भागात ज्याचा कोणी नाही असा पाटण-जावळीचा माणूस शोधावा लागेल. माथाडी कामाच्या निमित्ताने आपली निम्मी गावं तिथे गेली आहेत. आत्याला, मामाला आधी फोन करा. तेही सोबत येतील, कारण खाडीपासून दोन किलोमीटरवर राहून त्यातल्या कित्येकांनी हे पक्षी बोटीतून पाहिलेले नसतात.

११. बोट किती वेळ असते? म्हातारी माणसं, लहान मुलं, पाण्याला भिणारी माणसं चालतील का?

साधारण तासभर. खाडीत समुद्रासारख्या लाटा नसतात, त्यामुळे बोट लागत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालावंच लागतं, आणि उकडतं म्हणून ते सोडायचं नाही. गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो तो बोटीत चढता-उतरताना. पाण्याच्या पातळीनुसार बोट धक्क्यापेक्षा वर-खाली असते. एक धडधाकट माणूस त्यांच्या पुढे आणि एक मागे ठेवा. बोटीवर स्वच्छतागृह नाही, केंद्रात आहे. पोरांना आधी तिथे नेऊन आणा.

कोणत्या बाजूला बसावं असं फार जण विचारतात. बोट वळून येते, दोन्ही बाजूंना दिसतं. पक्षी दिसल्याबरोबर सगळे एका अंगाला धावू नका, नावाडी ओरडतो आणि बरोबरच ओरडतो.

१२. काय घालायचं, काय न्यायचं?

सुती, फिक्या मातकट किंवा हिरवट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढराशुभ्र सदरा आणि भडक लाल-पिवळं टाळा. साताऱ्यातून निघताना अंगावर स्वेटर असतो, ऐरोलीत उतरेपर्यंत दमट हवेने घामाच्या धारा लागतात, तेव्हा काढता येईल असंच घाला. टोपी दोरीची हवी, कारण खाडीवर वारा असतो आणि उडालेली टोपी आणायला बोट वळत नाही. पाणी माणशी एक लिटर. डासांसाठी मलम, विशेषतः कांदळवनातल्या लाकडी पायवाटेवर जाणार असाल तर.

१३. दुर्बीण लागतेच का? कोणती घ्यावी?

बोट थव्यांपासून अंतर राखून चालते. रोहित नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, पण गुलाबी पट्टा म्हणून. चोच, डोळा, चिखलातली बारीक हालचाल बघायची तर दुर्बीण हवी. बोट हलते म्हणून ८×४२ घ्या. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो पण हातही तितकाच हलताना दिसतो. जत्रेतल्या स्वस्त दुर्बिणीने डोकं दुखतं. चौघांत एक बरी दुर्बीण असली तरी पुरते, मात्र आळीपाळीने बघायची शिस्त पाळा.

१४. मोबाइलने फोटो येतात का? ड्रोन उडवता येईल का?

मोबाइलने थव्याचा, मागे खाडीपूल आणि इमारती असा फोटो छान येतो. एका पक्ष्याचा येत नाही. कॅमेरा असेल तर ३००-४०० मिलिमीटरची लेन्स आणि वेगवान शटर, ट्रायपॉड बोटीत निरुपयोगी. एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा आधीच पिशवीत बाहेरच्या हवेला येऊ द्या. घरी आल्यावर खारा ओलावा पुसून काढा.

ड्रोन नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. थवा उडवण्यासाठी आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या यालाही बंदी आहे. उडालेला थवा दिसतो सुंदर हे खरं, पण ओहोटीचे मोजके तासच त्यांच्या पोटापाण्याचे असतात.

१५. मोठा रोहित आणि लहान रोहित यांच्यातला फरक कसा ओळखायचा?

चोच बघा. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहिताची चोच गडद लाल, लांबून काळीच दिसते. मोठा अंगाने पांढरट, उंच, मान लांब. लहान ठेंगणा आणि रंगाने गडद. दोघे शेजारी उभे असले की उंचीतला फरक लगेच कळतो, लहान रोहित मोठ्याच्या छातीशी येतो.

खाताना दोघेही डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतात. चोचीची वरची बाजू खाली आणि जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते. दुर्बिणीतून नीट पाहिलंत तर चोचीच्या कडेला पाणी थरथरताना दिसतं. मोठा रोहित पायाने चिखल ढवळत जागच्या जागी गोल फिरतो. ओहोटीनंतर त्याची वर्तुळं चिखलावर उमटलेली राहतात. लहान रोहितांचा थवा मात्र माना खाली घालून रांगेने चालत राहतो, पेरणीच्या पाभरीमागून निघालेली माणसं जशी.

१६. काही पक्षी पांढरट-करडे दिसतात. ते आजारी असतात का?

नाही, ती पोरं. रोहिताचं पिल्लू करडं असतं आणि पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात. रंग अन्नातून येतो. लहान रोहित सूक्ष्म शैवाल खातो, मोठा त्यासोबत बारीक कोळंबी, किडे, शिंपल्यांतले जीवही. त्यातली कॅरोटिनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात. मुंबई-ठाण्याच्या सांडपाण्याने खाडीत शैवाल माजतं, आणि त्याच शैवालावर हे लाखभर पक्षी पोसले जातात. त्यात आनंद मानावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

घरटी इथे दिसणार नाहीत. विणीसाठी ते कच्छच्या रणाकडे जातात आणि चिखलाच्या बुटक्या शंकूंवर अंडी घालतात.

१७. फ्लेमिंगोंशिवाय काय दिसतं?

पुष्कळ. तपकिरी डोक्याचे कुरव बोटीभोवती घिरट्या घालतात. सुरय पाण्यावर सूर मारतात. वर वळलेल्या चोचीचे उचाट्या, तांबड्या काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे (हे येरळवाडीवरही भेटतात), लांब सरळ चोचीचे गॉडविट, काळ्या डोक्याचे शराटी, चित्रबलाक, चमचे. कांदळवनाच्या शेंड्यावर ब्राह्मणी घार आणि नशीब असेल तर मासा पायात धरून बसलेला कैकर.

सगळ्यांच्या नजरा वर असतात म्हणून खालचं राहून जातं. धक्क्याच्या कडेला दोन मिनिटं चिखलाकडे बघत उभे राहा. आधी काहीच दिसत नाही. मग निवट्या दिसतात. बोटभर मासा, डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरपटतो आणि मध्येच उडी मारतो. शेजारी चिमुकले खेकडे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती तो सारखी हलवत असतो. सावली पडली की क्षणात सगळे बिळात. हलला नाहीत तर एकेक करून पुन्हा बाहेर येतात. पोरांना रोहितांपेक्षा हेच जास्त लक्षात राहतं.

१८. कांदळवनात काय पाहायचं? झाडंच ना ती?

बोटीला वेळ असेल तेव्हा केंद्रातलं प्रदर्शन आणि लाकडी पायवाट बघून घ्या. तिवराच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीसारखी टोकं वर आलेली दिसतील. ती श्वास घेणारी मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळंच वर येतात. तिवराचं पान उलटून बघा, मागून रुपेरी असतं. त्यावर कधी मिठाचे कण सापडतात, झाड जादा मीठ पानातून टाकून देतं. पानं तोडू नका, वाकवून बघितलं तरी दिसतं.

१९. शाळेची सहल न्यायची आहे. पन्नास मुलं एका बोटीत मावतील का?

नाही, गट पाडावे लागतील. एक गट बोटीत असेल तेव्हा दुसऱ्याला केंद्र आणि पायवाट (प्रश्न १८) दाखवा. चांगला मधला वेळ दोनेक तासांचाच असल्याने शेवटच्या गटाला चिखलच दिसेल किंवा बोटच मिळणार नाही, हे आधी हिशेबात धरा. म्हणून पन्नासच्या वर मुलं नेऊ नका. केंद्राला आधी कळवून वेळा ठरवून घ्या. एसटी शालेय सहलीला सवलतीच्या दरात मिळते, आगारात लवकर अर्ज करा. पाचवीच्या खालची मुलं नेण्याऐवजी त्यांना मायणीला न्या, प्रवासानेच ती थकून जातात.

२०. खाण्याचं काय? कुरवांना शेव-गाठ्या टाकल्या तर चालतात का, सगळे टाकतात.

बोटीत खाणं नको. खायचं ते आधी किंवा नंतर. चपाती, शेंगदाण्याची चटणी, दशम्या असं न सांडणारं, न विटणारं घ्या, दमट हवेत भाजी लवकर आंबते.

कुरवांना काहीही टाकू नका. तळलेलं, खारट, मसाल्याचं त्यांच्या पोटाला नाही. त्यांना उत्तरेकडे हजारो किलोमीटर परत जायचं असतं, आणि त्यासाठी अंगावर साठवायची चरबी माशांतून मिळते, बेसनातून नाही. पुलावर पिशव्या विकणारे असतात म्हणून ते योग्य ठरत नाही. पेढ्यांचा पुडा पाहुण्यांसाठी ठेवा.

२१. बोट रद्द झाली किंवा भरती चुकली, आता काय?

वारा, बिघाड, पाणी कमी, अशा कारणांनी फेरी रद्द होऊ शकते. त्या वेळी भरती असेल तर नेरुळ-सीवूड्सकडे जा. पूर्ण भरतीला रोहित तिथल्या तळ्यांवर विसावतात, आणि काठावरून, बोटीपेक्षाही जवळून दिसतात. मात्र तळ्यात उथळ पाणी असेल तरच. ओहोटी असेल तर मुंबईच्या बाजूला शिवडीचा धक्का आहे. खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरले ते १९९० च्या दशकात, तिथेच. शिवडीला दुर्बिणीची गरज जास्त.

२२. ओहोटीला चिखलावरून चालत जवळ जाता येईल का?

नाही. अभयारण्यात तशी परवानगी नाही, आणि चिखल दिसतो त्यापेक्षा खूप खोल आहे. कमरेपर्यंत माणूस रुततो आणि पाणी चढायला लागलं की सुटका अवघड होते. कोळी माणसं चालतात ती पिढ्यानपिढ्या वाटा ओळखतात म्हणून.

२३. वास फार येतो म्हणतात, खरं का?

येतो, ओहोटीला जास्त. थोडा चिखलाचा, थोडा सांडपाण्याचा. दहा मिनिटांत नाक सरावतं.

२४. कराड-पाटणहून कोकण जवळ. कुंभार्लीने उतरून गुहागर-दापोलीला नाही का दिसणार हे?

पाटणहून चिपळूण जवळ हे खरं, आणि हिवाळ्यात गुहागर, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुरव, सुरय, चिखले मजेत पाहता येतात. समुद्री गरुडही दिसतो. फेब्रुवारी-मार्चला गेलात तर वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात. पण हजारोंनी रोहित कोकणच्या त्या पट्ट्यात नाहीत. ज्याला समुद्र आणि पक्षी दोन्ही हवेत, गर्दी नको, त्याने कुंभार्लीने उतरावं. ज्याला थवे बघायचेत त्याने ऐरोली. दोन्ही एकाच फेरीत बसवणारे बेत आमच्याकडे येतात, ते बघूनच घाम फुटतो.

२५. जखमी रोहित किंवा दुसरा पक्षी सापडला तर?

उचलून गाडीत टाकून साताऱ्याला आणू नका, असं करणारे आहेत म्हणून सांगतो. रोहित संरक्षित पक्षी आहे, तो जवळ बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा ठरतो. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक राज्यभर चालतो, येरळवाडीच्या काठावर पतंगाच्या मांज्यात अडकलेला बगळा सापडला तरी तोच. मदत येईपर्यंत पक्ष्याला सावलीत, जमल्यास खोक्यात झाकून ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. लांब पायांच्या पक्ष्याचे पाय मुडपून बांधू नका. कुत्री आणि फोटो काढणारी माणसं, दोघांनाही लांब ठेवा.